सोलापूरच्या उन्हात छोटी रीफ टाकी जमेल का? चिलर नाही, पाणी जड, सल्ला हवाय

होटगी_रोडवाला:
नमस्कार मंडळी. गोड्या पाण्यातले मासे कॉलेजपासून पाळतोय, सध्या प्लांटेड टाकी आहे आणि ती छान चाललीय, पण आता मुलीला आणि खरं तर मला पण खाऱ्या पाण्याची टाकी करायचीय, कोरलवाली, म्हणजे प्रवाळाची. दोन क्लाउन मासे आणि पाण्यात डोलणारे थोडे कोरल एवढंच पाहिजे. टाकी ६० बाय ४० बाय ४० सेंमी ठरवलीय, म्हणजे दगड-वाळू धरून ८०-८५ लिटर पाणी बसेल. अडचण अशी की घर वरच्या मजल्यावर, स्लॅब तापतो, एप्रिल-मेमध्ये हॉलमध्ये दुपारी ३६-३७ सहज होतं आणि एसी फक्त बेडरूममध्ये. नळाला पाणी रोज येत नाही, बाकी सगळं बोअरवर, आणि ते इतकं जड की बादलीला पांढरा थर धरतो. किचनमधल्या आरओचं पाणी चालेल का? चिलर, म्हणजे टाकीचं पाणी गार करणारं यंत्र, घ्यावाच लागतो का, किंमत ऐकून घरात तो विषयच बंद झालाय. एका दुकानात सांगितलं की जाडं मीठ टाकलं तरी चालतं, ते खरं का? आणि व्हॉट्सअपवर एकजण हॅमर, टॉर्च असे कोरल कुरिअरने पाठवतो म्हणतोय, फोटो तर एकदम भारी आहेत. घ्यावं का? सोलापुरात कोणी करतंय का हे?

खारंपाणी:
करतोय की ओ, मी विजापूर रोडला करतोय आणि टाकी मस्त चालू आहे, त्यामुळे जमेल का हा प्रश्न सोडून द्या. जाडं मीठ मात्र अजिबात नको. ते जवळपास नुसतं सोडियम क्लोराइड असतं, समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट, बायकार्बोनेट हे सगळं ठराविक प्रमाणात असतं आणि कोरल त्यावरच जगतात. रीफसाठीचं सिंथेटिक मीठच घ्या. लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम लागतं, क्षारता ३५ पीपीटीला (हजार भागांत ३५ भाग मीठ) ठेवायची, आणि मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, तो पण कॅलिब्रेशनच्या द्रावणाने तपासून. प्लास्टिकच्या काट्यावाल्या हायड्रोमीटरवर माझा भरवसा नाही.

आता उष्णता. आपल्याकडे उन्हाळा कडक असला तरी हवा कोरडी असते आणि तीच आपली सगळ्यात मोठी सोय आहे. कूलर सोलापुरात घर गार करतो आणि मुंबईत नुसता घाम आणतो ना, त्याचंच हे गणित. टाकीवर काचेचं झाकण न ठेवता बारीक जाळी ठेवा, क्लाउन पण उड्या मारतात, आणि दोन छोटे पंखे तिरके पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा. एक लिटर पाणी उडताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं, म्हणजे बाहेरून नवी उष्णता आली नाही असं धरलं तर तुमच्या ८५ लिटरचं तापमान सहा-सात अंशांनी उतरेल एवढी. खोलीची उष्णता आत येतच राहते म्हणून तेवढं उतरत नाही, पण हॉल ३६ ला असताना टाकी २८-२९ च्या आत ठेवता येते. पंखे तापमान कंट्रोलरवर लावा, २६.५ झालं की आपोआप चालू. ३० च्या वर दिवसच्या दिवस राहिलं की कोरल आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात, त्यांचं बरंचसं खाणं त्या शेवाळाकडूनच येतं म्हणून तिथून त्यांची उपासमार सुरू होते. ज्या खोलीत ऊन थेट येत नाही तिथेच टाकी ठेवा, पश्चिमेच्या भिंतीला तर नकोच. आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री आपल्याकडे १४-१५ पर्यंत उतरतं, तेव्हा छोटा हीटर पण लागणार, तोही त्याच कंट्रोलरवर.

खरी परीक्षा पाण्याची आहे. पंखे चालू झाले की रोज दीड-दोन लिटर उडतं, मीठ मात्र मागेच राहतं, चार दिवस भर घातली नाही तर ३५ ची क्षारता ३८ च्या आसपास जाते. भर नेहमी गोड्या पाण्याचीच घालायची, खाऱ्या नाही. आणि भरलेल्या पाण्यात जे काही विरघळलेलं असेल ते सगळं टाकीत साचत जातं, म्हणून किचनचा आरओ चालत नाही. त्यात चवीसाठी मिनरल कार्ट्रिज किंवा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) वाढवायचा व्हॉल्व्ह असतो आणि बाहेर येणारं पाणी ४०-८० टीडीएसचं असतं. आपल्याला शून्य पाहिजे. त्याच आरओला मिनरलच्या आधी एक फाटा काढा आणि पुढे उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या डीआय रेझिनची बाटली जोडा, प्लंबर अर्ध्या तासात करून देतो. जड पाण्याने रेझिन लवकर संपतं, टीडीएस पेन जवळ ठेवा आणि आकडा दिसायला लागला की रेझिन बदला. साध्या आरओत एक लिटरमागे तीनेक लिटर वाया जातं, आपल्याकडे पाण्याची काय किंमत आहे ती तुम्हाला माहितीय, ते पाणी पिंपात धरून फरशी, गाडी, संडासला वापरा, एक थेंब गटारात सोडू नका. आणि २० लिटरचे दोन जार शुद्ध पाण्याने कायम भरून ठेवा, नळ येवो न येवो.

मालवणी_गजाली:
मी मूळ मालवणचो, नोकरीमुळे जुळे सोलापुरात आहे. वरती पाण्याचं सगळं नीट सांगितलंय म्हणून मी फक्त त्या व्हॉट्सअपवाल्याबद्दल बोलतो. कृपा करून घेऊ नका. हॅमर, टॉर्च, ब्रेन, एक्रोपोरा, मॉन्टीपोरा हे सगळे दगडी कोरल, स्क्लेरॅक्टिनिया गटातले, आणि हा अख्खा गट वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे, वाघ ज्या अनुसूचीत आहे त्याच. काळे कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे पण त्यातच. समुद्री घोडा पण. शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद आणि वर दंड. बंगल्यात ठेवलाय की छोट्या टाकीत, कायद्याला फरक पडत नाही. मेलेला पांढरा कोरलचा दगड 'लाइव्ह रॉक' म्हणून विकतात तो पण नको, सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे तयार रीफ रॉक मिळतात, त्यावर बॅक्टेरिया तेवढेच छान बसतात.

पण कायद्याच्या भीतीनेच सांगतोय असं समजू नका. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात डोकं घातलं की कोरल दिसतात, १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला भर समुद्रात आंग्रिया बँक आहे, पाण्याखाली पठारच म्हणा. घुमटासारखे जे दगडी कोरल असतात ते वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर वाढतात. कुणीतरी छिन्नी मारून तोडलेला तुकडा तुमच्या घरी येतो तेव्हा मागे किती वर्षांची वाढ गेली हे बघा. मला ते बघवत नाही.

तुम्हाला डोलणारेच पाहिजेत ना, मग मऊ कोरल घ्या, झोआ, मशरूम, लेदर, झेनिया. हे त्या गटांत येत नाहीत, आणि नवशिक्यासाठी हेच बरे, मध्यम उजेडात जगतात, कॅल्शियमचे डोस लागत नाहीत, आठवड्याला १० टक्के पाणी बदललं की अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) ८ डीकेएचच्या आसपास आपोआप राहते. फक्त घेताना घरच्या टाकीत वाढवून कापलेला तुकडा आहे का विचारा, नावासकट बिल घ्या, बाहेरदेशातला म्हणाले तर आयातीचे कागद मागा. जो कागद देत नाही त्याच्याकडून घ्यायचं नाही. झेनियाला वेगळ्या दगडावर ठेवा, तो पसरला की आवरत नाही.

होटगी_रोडवाला:
बाप रे, कायद्याचं खरंच माहिती नव्हतं, त्याला आत्ताच नाही म्हणून कळवलं. पंख्याचं ऐकून जीवात जीव आला. आता दोन प्रश्न राहिले, लाइट गेली तर काय, आणि सुरुवात लगेच करू का? मुलगी सात वर्षांची आहे, तिला हात घालायची फार हौस.

निळी_खिडकी:
दादा, मुलीचं वाचलं म्हणून लिहिते, माझ्याकडे पण लहान आहे. झोआंमध्ये, विशेषतः पॅलिथोआ जातीत, पॅलिटॉक्सिन नावाचं फार जहाल विष असतं. नुसतं बघायला काही धोका नाही, पण तो दगड ब्रशने घासायचा नाही, गरम पाण्यात किंवा उकळत्या पाण्यात तर कधीच टाकायचा नाही, त्या वाफेने घरातली माणसं दवाखान्यात पोचू शकतात. तुम्ही हात घालताना हातमोजे आणि चष्मा, मुलीला हात घालायला बंदीच, तिला खाणं टाकायचं आणि थर्मामीटर वाचून वहीत लिहायचं काम द्या, माझी पोरगी ते फार मनापासून करते.

लाइट गेल्यावर दिवे बंद राहिले तर काही होत नाही, प्रवाह थांबला की मात्र गडबड, कोमट खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी असतो. वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह करणारा छोटा पंप) ५-१० वॉटचा असतो, तो आणि पंखे इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या, आणि एक बॅटरीवाला एअर पंप कपाटात असू द्या.

लगेच म्हणजे, मीठ-पाणी-दगड घालून टाकी चालू करा पण जीव काही घालू नका. बॅक्टेरिया घाणीतल्या अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, हे चक्र बसायला चार ते सहा आठवडे जातात, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले तरच पुढे. मधे दगड-वाळूवर तपकिरी पावडर धरते, घाबरू नका, जाते. आधी गोगलगायी, मग मऊ कोरलचे दोन-तीन तुकडे, मग क्लाउनची जोडी. क्लाउन हॅचरीतलेच मागा, आपल्याकडे सीएमएफआरआय या केंद्राच्या सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र कधीच बसवलंय, समुद्रातून पकडलेले घ्यायची गरजच नाही. अॅनिमोन (क्लाउन ज्यात राहतो तो फुलासारखा समुद्री जीव) नवीन टाकीत नको, तो फिरत फिरत पंपात जातो आणि सगळी टाकी नासते, क्लाउन त्याच्याशिवाय सुखाने राहतात. निळा टँग मासा कितीही हट्ट केला तरी नको, त्याला सहा फुटी टाकी लागते.

मला विचाराल तर दिवाळीच्या सुमाराला पाणी भरा, म्हणजे कोरल थंडीत येतील आणि एप्रिलपर्यंत टाकी बसलेली असेल. मार्चमध्ये सुरू करू नका. मुंबईहून आणायचं असेल तर सिद्धेश्वर एक्स्प्रेस बरी, रात्री सुटते सकाळी सोलापूर, थर्माकोलच्या डब्यात पिशव्या आणि डबा एसी डब्यात सीटखाली. घरी आल्यावर पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवा, मग तासभर थेंब थेंब टाकीचं पाणी पिशवीत सोडा, आणि कोरल उचलून ठेवा, पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.