घरी बर्न केलेल्या डिस्कवर नाव-क्रमांक कसा घालावा?

नौपाडेकर (ठाणे)

माझे वडील नारदीय कीर्तने करीत असत. त्यांच्या जुन्या कॅसेटचे ध्वनिमुद्रण मी संगणकावर घेतले असून आता नातेवाइकांसाठी त्याच्या सीडी आणि एक एकत्रित डीव्हीडी तयार करीत आहे. हल्ली सारेच पेन ड्राइव्हवर मिळते हे मला ठाऊक आहे, परंतु आमच्याकडील वडीलधाऱ्या मंडळींना सीडी प्लेअरचे बटण दाबून ऐकणेच सोयीचे वाटते. नव्वद मिनिटांची कॅसेट ऐंशी मिनिटांच्या सीडीवर मावत नसल्यामुळे पूर्वरंग एका डिस्कवर आणि उत्तररंग दुसऱ्या डिस्कवर घ्यावा लागतो, म्हणून प्रत्येक डिस्कवर आख्यानाचे नाव, वर्ष आणि भाग स्पष्ट लिहिलेला असणे आवश्यक आहे. घरच्या प्रिंटरवर गोल स्टिकर छापून चिकटवावेत, की मार्करने लिहावे? वडिलांनी काही सीडींवर पूर्वी कागदी लेबले चिकटवली होती. पावसाळ्यानंतर त्यांना फुगे आले आहेत आणि एकाची कडा सुटली आहे. ती काढून टाकावीत का?

खाडीपलीकडे (ऐरोली)

ताई, स्टिकर अजिबात लावू नयेत. ही केवळ आवडीनिवडीची बाब नसून तबकडीच्या रचनेशी निगडित आहे.

सीडी १.२ मिलिमीटर जाड असते आणि ती जवळजवळ सगळी जाडी पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकची असते. लेझर खालून येतो, ही जाडी ओलांडतो आणि अगदी वरच्या बाजूला असलेल्या रंगद्रव्याच्या व चकचकीत धातूच्या थरापर्यंत पोहोचतो. त्या धातूवर संरक्षण म्हणून असतो तो लाखेचा जेमतेम काही मायक्रॉनचा मुलामा. म्हणजे आपण ज्या बाजूला ‘वरची, रिकामी बाजू’ समजून बिनधास्त लिहितो, तिच्याच लगत सारे ध्वनिमुद्रण असते. खालच्या बाजूचा हलका ओरखडा पुष्कळदा पॉलिश करून निघतो. वरच्या बाजूने धातू खरवडला गेला, तर तेथील मजकूर कायमचा जातो. याच कारणास्तव बॉलपेन किंवा टोकदार पेन्सिल वापरू नये.

डीव्हीडीत ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि मजकुराचा थर मध्ये सुरक्षित असतो. मात्र तिच्यावरील रेषांमधील अंतर ०.७४ मायक्रॉन, तर सीडीवर १.६ मायक्रॉन, त्यामुळे तबकडी किंचित वाकली तरी डीव्हीडीचे वाचन आधी अडखळते. कागदी लेबल आपल्याकडच्या दमट हवेत ओलावा शोषून फुगते, कोरड्या दिवसांत आकसते आणि तबकडीला ओढत राहते. शिवाय ते जरासे एका बाजूला चिकटले, तर वेगवान ड्राइव्हमध्ये मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेणारी तबकडी थरथरू लागते. गाडीतल्या फटीतून आत ओढून घेणाऱ्या प्लेअरमध्ये सुटलेली कडा अडकली, म्हणजे सीडी बाहेर काढण्यासाठी डॅशबोर्डच उघडावा लागतो.

अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या संस्थेने २००३ साली डिस्कच्या जतनाविषयी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यातही दीर्घकाळ ठेवायच्या डिस्कवर चिकट लेबले लावू नयेत असेच सांगितले आहे.

लिहिण्यासाठी मऊ टोकाचा, पाण्यावर आधारित शाईचा, ‘सीडी-डीव्हीडी’साठीचा मार्कर घ्यावा. सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे मधल्या भोकाभोवतीचे पारदर्शक कडे, कारण तेथे मजकुराचा थरच नसतो. तेथे बारीक अक्षरात ‘की-७-पू’ किंवा ‘की-७-उ’ एवढेच लिहावे आणि आख्यान, वर्ष, स्थळ वगैरे डब्यातील कागदावर छापावे.

कोपरीकर

मी वर्षानुवर्षे शाळेच्या पिशवीतला साधा परमनंट मार्कर वापरीत आलो आहे आणि माझी एकही सीडी त्यामुळे बिघडलेली नाही. उगाच घाबरवू नये असे वाटते.

खाडीपलीकडे (ऐरोली)

काका, आपला अनुभव मी नाकारीत नाही. अल्कोहोलवर आधारित शाई लगेच उडून जाते, त्यामुळे पुष्कळ डिस्क तिने बिघडत नाहीत. खरा धोका टोल्युइन किंवा झायलीनसारखे तीव्र वासाचे द्रावक असलेल्या मार्करचा आहे, कारण ते लाखेचा मुलामा मऊ करून आत उतरू शकतात. बाजारातील मार्करवर शाईचे घटक क्वचितच छापलेले असतात, म्हणूनच ज्या ध्वनिमुद्रणाची दुसरी प्रत नाही त्यावर असा प्रयोग करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. सिनेमाच्या सीडीवर खुशाल लिहावे.

सेक्टरवासी (वाशी)

वरील उत्तराशी सहमत आहे. नातेवाइकांना देण्याच्या प्रती देखण्या हव्या असतील, तर पांढऱ्या पृष्ठभागाच्या ‘इंकजेट प्रिंटेबल’ डिस्क घ्याव्यात आणि डिस्कसाठी वेगळा ट्रे असलेल्या प्रिंटरवरच छापाव्यात. एप्सन आणि कॅनन यांची काही मॉडेल्स अशी आहेत. आधी बर्न करावे, प्लेअरवर वाजवून पाहावे आणि मगच छापावे, म्हणजे बिघडलेल्या डिस्कवर शाई वाया जात नाही आणि हाताळताना बर्निंगच्या बाजूवर बोटांचे ठसेही पडत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये छापलेली शाई वाळायला फार वेळ लागतो. वरून कोरडी दिसली तरी ती डिस्क लगेच प्लास्टिकच्या पाऊचमध्ये सरकवली, की पाऊच पृष्ठभागाला चिकटतो आणि बाहेर काढताना छापलेल्या अक्षरांचा निळसर पापुद्रा त्याच्या आतल्या बाजूवर उमटलेला दिसतो. त्यापेक्षा कडक डबी बरी, आणि ती उभी ठेवावी.

लाइटस्क्राइब नावाची लेझरने कोरण्याची पद्धत एके काळी होती. तिला खास ड्राइव्ह आणि खास डिस्क लागतात, त्यामुळे तिच्या मागे लागू नये.

नौपाडेकर (ठाणे)

सविस्तर उत्तरांबद्दल आपणा सर्वांचे आभार. पारदर्शक कड्यावर क्रमांक घालण्याचे ठरवले आहे. वडिलांनी लेबल लावलेल्या सीडींचे काय करावे, एवढे कृपया सांगावे. एकावरील लेबल निम्मे सुटले आहे आणि ती वाजते, परंतु मध्ये मध्ये अडखळते. तिची मूळ कॅसेट सापडत नाही.

खाडीपलीकडे (ऐरोली)

लेबल ओढू नये. गोंद लाखेला धरून असतो आणि लेबल सोलताना लाखेसकट धातूचा पापुद्रा निघून येतो. मग तबकडीच्या तेवढ्या भागातून आरपार दिसू लागते. पाणी किंवा थिनरही लावू नये. सुटलेली कडा हलक्या हाताने जागच्या जागी दाबून बसवावी आणि फटीच्या नव्हे, तर ट्रे बाहेर येणाऱ्या ड्राइव्हमध्ये ती डिस्क घालावी. ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हा प्रोग्रॅम वाचनात चूक आढळली, की तोच भाग पुन्हा पुन्हा वाचतो. त्यात वाचनाचा वेग शक्य तितका कमी ठेवून प्रत घ्यावी. तबकडी सावकाश फिरली म्हणजे लेबलामुळे होणारी थरथरही कमी होते. एका ड्राइव्हवर जमले नाही तर दुसऱ्यावर पाहावे, कारण एकच डिस्क वेगवेगळे ड्राइव्ह वेगवेगळ्या तऱ्हेने वाचतात. प्रत मिळाल्यावरही मूळ डिस्क तशीच जपून ठेवावी.

सेक्टरवासी (वाशी)

एक भर घालतो. डीव्हीडी बर्न करताना डिस्कला जे नाव देतो त्यातही तोच क्रमांक घालावा. डिस्कवर नावे नोंदवण्याच्या ‘जोलिएट’ या पद्धतीत या नावाला सोळाच अक्षरांची मर्यादा असते, म्हणून ‘कीर्तन ७’ यासारखे आटोपशीर नाव पुरते. सोबत एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये सर्व आख्यानांची यादी ठेवावी, म्हणजे डबीतला कागद हरवला तरी कोणत्या क्रमांकाला काय आहे ते कळेल. सीडीवर मात्र गाण्यांप्रमाणे ट्रॅक पाडावे लागतील. पूर्वरंग संपून गजर सुरू होतो तेथे डिस्क बदलली, तर ऐकणाऱ्याचा रसभंग होणार नाही.