मदत हवी आहे: बाबांनी फसव्या ईमेलमध्ये पासवर्ड टाकला

मंडळी, आम्ही फोंड्याचे. काल बाबांना 'वीजबिल थकलंय, आज रात्री कनेक्शन तोडणार' असा ईमेल आला आणि त्यांनी घाबरून लिंक उघडून जीमेलचा पासवर्डच टाकला, मी बाजारातून मासळी घेऊन येईपर्यंत सगळं आटपलेलं. पाठवणाऱ्याचा पत्ता डॉट टॉपवाला, सरकारी डॉट गव्ह डॉट इन नव्हेच (चष्म्याशिवाय कोण बघतंय म्हणा). पासवर्ड बदलला, टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एकदा खात्री करणारं लॉगिन) चालू केलं, सगळीकडून लॉगआउटही केलं. पण सेटिंगमध्ये फॉरवर्डिंगला (आलेले मेल आपोआप दुसरीकडे पाठवायची सोय) एक अनोळखी पत्ता दिसतोय, तो लगेच काढू की आधी स्क्रीनशॉट घेऊन ठेवू? आणि पैसे गेलेले नाहीत तरी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा का? बाबा तर आता खरं बिलही भरायला तयार नाहीत.