ओवी ‘गाते’ की ‘म्हणते’?

प्रश्न: आमच्या नात्यातल्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या नातवाने घरीच मोबाइलवर रेकॉर्ड केल्यात. घर सोलापूरच्या पूर्व भागात, त्यामुळे मागे यंत्रमागाची खटखट. वाद्य एकही नाही, आवाज अगदी हलका. काल घरच्या ग्रुपवर आलं तेव्हापासून तेच ऐकतेय. वर लिहिलं होतं, ‘आजी गातेय’. ते वाचून दाखवलं तर आजी म्हणाल्या, “गातीय कुठं? म्हनतीय.” या दोन्हींत नेमका फरक काय?

प्रतिसाद: फरक आहे, आणि मोलाचा आहे. आरती, भूपाळी, ओवी आपण म्हणतो. पोवाडा शाहीर गातो. समोर ऐकणारे बसले की गाणं. कामाच्या नाहीतर देवाच्या नादात आपसूक तोंडी आलं की म्हणणं. पाहुण्यांसमोर ‘एक गाणं म्हण गं’ असं मुलीला सांगतात, तिथे ही रेघ पुसट होते, हेही खरं.

प्रतिसाद (अक्कलकोट): कन्नडमध्येही ‘हाडु हेळु’ म्हणतात. हाडु म्हणजे गाणं, हेळु म्हणजे सांग. जात्यावरची ती ‘बीसुव पद’. आमच्या घरात दोन्ही भाषा चालतात, पण ही रीत दोन्हींकडे सारखीच.

प्रतिसाद: ‘मानसोल्लास’ या ग्रंथात (सुमारे ११२९) महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. तिथे शब्द ‘गेया’ आहे, म्हणजे ‘गाणे’च. ग्रंथ चालुक्य राजा सोमेश्वराचा. राजधानी कल्याणी, आजचं बसवकल्याण. पण माझ्या मते तो ऐकणाऱ्याचा शब्द. मुसळ जिच्या हातात, ती ‘म्हणते’च म्हणणार.

प्रश्नकर्ती: पटलं. आणखी एक. आजी मध्येच, ओळ अर्धी असताना थांबतात. दम लागल्यासारखं वाटत नाही.

प्रतिसाद: ती वैरण घालायची जागा असणार. एक हात खुंट्यावर, दुसऱ्याने मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडात. प्रत्येक वैरणीला चाल जराशी अडते, मग पुन्हा धरते. आता समोर जातं नसेल, पण चाल बसली ती त्याच्यावरच. ते थांबे कुणी कापून टाकू नका.

प्रश्नकर्ती: नाही कापणार. वरचं नाव तेवढं बदलते: ‘जात्यावरच्या ओव्या. म्हणणारी: आजी.’