शब्दचर्चा: लागणं, टेकणं, पेलणं (बोलणारे नागपूरचे, वस्तीच्या नावानं)

धरमपेठ: अंगणवाडी सेविकांच्या पुस्तिकेचा मजकूर मराठीत करणं सुरू आहे. खोकं फळीवर केव्हा राहतं नि केव्हा पडतं हे बाळाला कधी उमगतं, असा विषय. सगळीकडे ‘आधार’ लिहिलं की टप्प्यांमधला फरकच पुसला जातो. काय करावं?

महाल: ‘आधार’ मथळ्यापुरता ठेवा. आत तीन क्रियापदं घ्या: लागणं, टेकणं, पेलणं. बाळांच्या समजेवर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ रेने बायार्जाँ यांच्या प्रयोगांत टप्पे तसेच दिसतात. तिसऱ्या महिन्याच्या आसपास खोकं फळीला कुठंही लागलेलं असलं की बाळाला पुरतं, अगदी बाजूला चिकटलेलं का असेना. खोकं अधांतरी राहिलं तरच बाळ जास्त वेळ बघतं, म्हणजे ते त्याच्या अपेक्षेबाहेरचं असं धरतात. पाचव्या महिन्याच्या सुमारास खोकं फळीच्या वर टेकलेलं असावं लागतं, पण किती टेकलंय याचा हिशेब नसतो. तो येतो साडेसहाव्या महिन्यात. 1992 च्या प्रयोगात तळाचा फक्त 15 टक्के भाग फळीवर उरूनही खोकं पडलं नाही, तेव्हा साडेसहा महिन्यांची बाळं जास्त वेळ बघत राहिली. 70 टक्के टेकलेल्या खोक्याकडं तेवढं बघितलं नाही. साडेपाच महिन्यांच्या बाळांत हा फरक दिसला नाही.

सीताबर्डी: ‘पेलणं’ खटकतं. ‘पेलवत नाही बाप्पा’ हे आपण ताकदीबद्दल म्हणतो. इथं गुरुत्वमध्य कडेबाहेर गेला की खोकं कलंडतं, फळी कितीही भक्कम असो. ‘तोल’ लिहा.

महाल: भौतिकशास्त्र म्हणून बरोबर. पण साडेसहा महिन्यांच्या बाळाच्या पदरात ‘तोल’ टाकणं जरा जास्तच होईल. ते तळ किती टेकलाय एवढंच बघतं. एका बाजूनं जड, वेड्यावाकड्या आकाराचं खोकं असेल, तर आकार जमेस धरायला साडेबारा महिने उजाडतात. ‘तोल’ तिथं घ्या, साडेसहाव्या महिन्याला ‘पुरेसं टेकणं’. ‘पेलणं’ मागे घेतो.

धरमपेठ: आणि ‘बाळाला आश्चर्य वाटतं’?

सीताबर्डी: नको. मोजतात ती नजर. बाळ पालकाच्या मांडीवर असतं. बाळानं सलग 2 सेकंद नजर वळवली की फेरी संपते. पालकाला डोळे मिटायला सांगतात, नाहीतर त्याचं दचकणंच बाळापर्यंत पोचायचं. म्हणून ‘जास्त वेळ बघतं’ एवढंच लिहा. तेच ते दाखवल्यावर बघणं कमी होतं, त्याला ‘सरावणं’ हा सरळ शब्द आहे. ‘अभ्यस्तता’ सेविकेच्या तोंडी बसायची नाही.

महाल: पुस्तिकेतली ‘घरी करून बघा’ ही चौकटही काढा. नजरेनं ओळखणं आधी येतं, हातानं ठेवणं बरंच नंतर. वर्षाच्या लेकरानं वाटी ओट्याच्या काठावर अर्धवट ठेवून सोडली, की आई म्हणेल ते मागे पडलं.

धरमपेठ: मग वयासोबत ‘नजरेची समज’ असं लिहितो. ‘अर्भक’ की ‘तान्हं’?

सीताबर्डी: साडेबारा महिन्यांचं तान्हं काहून म्हणता? ‘लेकरू’ लिहा, विदर्भात सगळ्या वयांना चालते.