कोर्बिएरची रेड वाईन आणि काळ्या मसाल्याचे मटण: चुकले कुठे?

गोदाकाठ (प्रश्न):
माझा भाचा दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझला शिकतो. मार्चमध्ये घरी आला तेव्हा त्याने तिकडच्याच कोर्बिएर या भागातल्या रेड वाईनच्या दोन बाटल्या आणल्या. लेबलवर कारिन्याँ, ग्रनाश आणि सिरा अशी तीन द्राक्षांची नावे असून अल्कोहोल 14 टक्के आहे. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी आम्ही त्यातली एक बाटली काळ्या मसाल्याचे सुके मटण आणि ज्वारीची भाकरी यांच्यासोबत उघडली. पहिला घोट नुसता घेतला तेव्हा ती बरी लागली. जांभळासारखी तुरट, थोडी मिऱ्याची झाक असलेली. मटणाचा घास घेतल्यावर मात्र तोंडाची आग झाली आणि मागे कडवटपणा रेंगाळत राहिला. नाशिकची शिराझ आम्ही अधूनमधून घेतो, तिचा असा अनुभव कधी आला नव्हता. दुसरी बाटली स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवली आहे. तिच्यासोबत काय करावे, की हे गणित आपल्या जेवणाशी जुळणारेच नाही?

तुरटगोड:
सर्वप्रथम ती बाटली फडताळातून काढून घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात आडवी ठेवा. मे महिन्यात शेगडीशेजारचे फडताळ ही वाईनसाठी सर्वांत वाईट जागा आहे.

आता मटणाविषयी. माझ्या मते दोष काळ्या मसाल्याचा नाही, तिखटाचा आणि उकाड्याचा आहे. सिराला मिऱ्याची जी झाक येते ती रोटंडोन नावाच्या संयुगामुळे, आणि तेच संयुग काळ्या मिऱ्यातही असते. म्हणजे मिरे, लवंग, दगडफूल आणि भाजलेले खोबरे यांच्याशी या वाईनचे वैर असण्याचे कारण नाही. मिरचीची गोष्ट वेगळी. अल्कोहोलमुळे तिची आग वाढते, आणि आग झालेल्या जिभेला टॅनिनचा (द्राक्षाच्या साली-बियांतून उतरणाऱ्या तुरट घटकाचा) तुरटपणा अधिकच बोचरा वाटतो. कारिन्याँ मुळातच तुरट आणि आंबट द्राक्ष आहे. त्याचा बोचरेपणा कमी व्हावा म्हणून तिकडे अनेक जण न चेचलेले अख्खे घड कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या टाकीत आंबवतात, तरी त्याचा मूळ स्वभाव पूर्णपणे जात नाही.

तापमानाचेही तसेच. 'रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी' हा सल्ला युरोपातल्या जुन्या गार घरांसाठी होता. नाशिकमध्ये एप्रिलच्या दुपारी खोलीचे तापमान 34 अंश असेल, तर त्या वाईनमधून फळ कमी आणि स्पिरिट जास्त जाणवणार. बाटली फ्रिजमध्ये गार करा आणि साधारण 16 ते 18 अंशांना ओता.

मटण सोडू नका. मांसातील प्रथिने आणि चरबी तुरटपणा मवाळ करतात. फक्त लाल तिखट निम्मे करा, सुके खोबरे आणि कांदा नीट काळसर भाजा, आणि मिठात हात आखडता घेऊ नका, कारण मिठाने कडवटपणा दबतो. ताटात ठेचा मात्र नको.

दिंडोरीचा बागायतदार:
वरील उत्तराशी मी सहमत आहे. शिराझशी केलेल्या तुलनेबद्दल थोडे लिहितो. सिरा आणि शिराझ हे एकच द्राक्ष आहे, परंतु आपल्याकडे वेलीला हिवाळ्याची झोप मिळत नाही. आपण एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी आणि पावसाळा ओसरताना फळासाठी गोडी बहार छाटणी करतो व जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी करतो. कोर्बिएरमध्ये वेल थंडीत निष्पर्ण होते, कोरड्या उन्हाळ्यात फळ पिकते आणि तोडणी ऑगस्टअखेरपासून पुढे चालते. तिथल्या जुन्या कारिन्याँच्या वेली तारेवर वा मांडवावर न चढवता बुटक्या झुडपासारख्या वाढवलेल्या असतात. अशा वेलीला घड कमी आणि रस घट्ट.

या भागाला 1985 मध्ये ए.ओ.सी. हा फ्रान्समधला प्रदेशनिहाय वाईनचा अधिकृत दर्जा मिळाला. आसपासच्या खडकाळ माळावर थाईम, रोझमेरी अशी सुवासिक झुडपे वाढतात, त्या माळाला तिकडे गारिग म्हणतात आणि वाईनमध्ये त्याचा वास येतो असे सांगतात. तो वास झुडपांतून उतरतो की द्राक्षाचाच असतो, यावर जाणकारांत एकमत नाही. थाईममधले थायमॉल हे सुगंधी द्रव्य आपल्या ओव्यातही असते, त्यामुळे तुम्हाला पेल्यात ओव्याची आठवण झाली तर नवल नको. मी स्वतः अशा वाईनसोबत मटणाला ओवा आणि लसूण चोळून मंद आचेवर भाजतो. फ्रान्समध्ये रोझमेरी लावलेले कोकराचे मांस खातात, त्याच्या जवळ जाणारा हा आपला प्रकार आहे.

वालाची उसळ:
शाकाहारी बाजूही मांडते. कोर्बिएरच्या शेजारच्या मुलखात, विशेषतः कास्तेलनोदारी गावात, पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांत बदक आणि सॉसेज घालून तासन्‌तास रटरटवलेला कासुले प्रसिद्ध आहे. मांस वगळले तरी त्यातला मऊ, पिठूळ दाणा वाईनचा तुरटपणा सामावून घेतो. म्हणून कडव्या वालांची उसळ, किंवा दाण्याचे कूट सढळ हाताने घातलेली भरली वांगी, करून पाहावी. चिंच आणि गूळ मात्र टाळावेत, कारण गोडाबरोबर ही वाईन एकदम आंबट आणि रोड लागते. मिसळीचे नाव आपण नाशिककर कुठेही काढतो, पण तर्रीसमोर या बाटलीचा टिकाव लागणार नाही!

गोदाकाठ:
सर्वांचे आभार. काल दुसरी बाटली फ्रिजमध्ये गार करून उघडली. कमी तिखटाचे मटण, आणि त्याच्याशेजारी घरच्यांनी सहज म्हणून वांग्याचे भरीत केले होते: थेट विस्तवावर भाजलेले, त्यात लसूण, कच्चे शेंगदाण्याचे तेल, मीठ आणि एकच हिरवी मिरची. मटणाबरोबर वाईन या वेळी छान लागली, मिऱ्याची झाक स्पष्ट कळली. पण भरताच्या धुरकट घासानंतर घेतलेला घोट त्याहून सरस होता. तुरटपणा जवळजवळ नाहीसा होऊन मागे काळ्या मनुकांसारखी चव उरली. बाटलीत तिसरा हिस्सा शिल्लक आहे. तो किती दिवस टिकेल?

तुरटगोड:
बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. पिण्याआधी वीस मिनिटे बाहेर काढून ठेवा, आणि भरीत पुन्हा करा.