ज्याने दिलंच नाही, तो ‘दाता’ कसा?

पानगळ: एका लेखाचा अनुवाद करतेय. स्पेनच्या १९७९च्या कायद्याप्रमाणे हयातीत नकार दिला नसेल, तर मृत्यूनंतर अवयव घ्यायला संमती आहे असं धरतात. मूळ लेखात अशा माणसालाही ‘डोनर’च म्हटलंय. मी ‘दाता’ लिहिलं आणि अडले. हो-नाही काहीच न बोललेला माणूस दाता कसा? ‘अवयवस्रोत’ लिहावं तर विहिरीबद्दल बोलल्यासारखं वाटतं.

खडूस: रूढ आहे, ठेवा की. मतदानात तरी कोण काय देऊन टाकतं?

जुनी पाटी: रूढ आहे म्हणून काहीही? स्वतःचं स्वत्व, म्हणजे मालकी, सोडून दुसऱ्याचं निर्माण करणं म्हणजे दान. सोडणारा शुद्धीवर हवा. चीनमध्ये मृत्युदंड दिलेल्या कैद्यांचे अवयव वापरत, २०१५पासून ते बंद केल्याचं तिथलं सरकार सांगतं. ते कैदीही दातेच का? इराणमध्ये मूत्रपिंडाचे पैसे कायदेशीरपणे मिळतात. तो सरळ विक्रेता.

खडूस: विक्रेता म्हटलं की सगळा दोष कर्जात बुडालेल्याच्या माथी. आणि चोरट्या बाजारातला दलाल नामानिराळा! त्याला शब्द शोधा आधी.

तिरकस: सोंगट्यांच्या खेळातही ‘दान’ पडतंच की. कोणाच्या नशिबी कोणता कायदा, तसं त्याचं दान.

जुनी पाटी: आता पानदान, पीकदानही आणा.

तिरकस: ते ‘दान’ फारसी. ठेवायचं भांडं. तुमच्या कैद्याला तेच लागू पडतं.

रात्रपाळी: मी अवयवदान समन्वयक आहे, नातेवाइकांशी बोलायचं काम माझं. पेशंट मेंदूमृत जाहीर झालेला असतो, पण व्हेंटिलेटरवर छाती वरखाली होत असते, हात कोमट लागतो. तिथे ‘अवयव काढणं’ म्हटलं की माणसं उठून जातात. ‘दान’ म्हटलं की निदान बसतात. आपसात आम्ही ‘रिट्रीव्हल’ म्हणतो, ‘हार्वेस्टिंग’ (म्हणजे पीक कापणं) कटाक्षाने टाळतो. आणि स्पेनमध्येही प्रत्यक्षात घरच्यांना विचारतातच.

जुनी पाटी: म्हणजे देणारे घरचे! मग मेलेला दाता नव्हे, देय.

खडूस: अहो, देय म्हणजे वीजबिल.

रात्रपाळी: माणसं बसतात हे खरं, पण त्या शब्दाने त्यांच्यावर दडपणही येतं. दानाला नाही कसं म्हणायचं?

पानगळ: मी लिहू काय पण? उद्या मजकूर द्यायचाय.

जुनी पाटी: रात्रपाळी, ‘मेंदूमृत’ हा समास मला खटकला. मराठी मेंदूला संस्कृत मृत?

तिरकस: ‘मस्तिष्कमृत’ म्हणा मग.

जुनी पाटी: त्याला हिंदीचा वास येतो.