मदत हवी आहे: डायलिसिसवरच्या आईचं पॅराथायरॉइडचं ऑपरेशन

नमस्कार. आम्ही ठाण्यात, कोपरीला राहतो. आई ९ वर्षं डायलिसिसवर आहे, आठवड्यातून ३ वेळा. पीटीएच (गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन) १८०० वर गेलंय. फॉस्फरस कमी करायची गोळी जेवणाबरोबर न चुकता घेते, पण पीटीएच उतरवणारी सिनाकॅल्सेटची गोळी पोटात ठरत नाही, उलट्या होतात. रात्री हाडं ठणकतात. खाजवून खाजवून पाठीवर ओरखडे उठलेत, उंबरठा ओलांडतानाही भिंत धरते. बघवत नाही हो.

डॉक्टर म्हणतात, चारही ग्रंथी काढून एकीचा तुकडा फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेली शीर) नसलेल्या हातात बसवू. त्यानंतर हाडं कॅल्शियम ओढून घेतात आणि रक्तातलं झपाट्याने उतरतं, याचीच धास्ती वाटते. कुणाच्या घरी हे ऑपरेशन झालंय का? शिरेतून कॅल्शियम किती दिवस द्यावं लागलं? खाज थांबली का? ठाणे-नवी मुंबईत डायलिसिसच्या पेशंटची ही ऑपरेशनं नेहमी करणारे सर्जन माहीत असतील तर कृपया कळवा.